घरी कोन ऱ्हायलं?

उमरग्यातली ती आमची तिसरी सकाळ होती. सरपण ओलं असल्यामुळं चूल नुसती धुमसत होती, आणि दुधावर काय झाकावं ते सापडत नव्हतं. झाकण्या होत्या एका पेटीत, आणि ती पेटी करोडगिरीच्या नाक्यावरच्या माणसांनी उघडून बघितल्यावर अशी आवळून बांधली होती की सुंभाची गाठ माझ्या नखांना दाद देईना. सोलापूर सोडून निजामाच्या मोगलाईत शिरताना प्रत्येकाचं सामान असं उचकलं जायचं. हे, म्हणजे इथल्या ख्रिस्ती मंडळीचे नवे पाळक, मागच्या अंगणात आरसा टेकवून दाढी करत होते. अशात दारावर थाप पडली.

एकदाच पडली. मी पुढच्या थापेची, निदान हाकेची वाट बघितली. काहीच नाही. दार उघडलं, तर थाप मारणारं माणूस पायरी उतरून चांगलं चार पावलं मागं जाऊन उभं होतं. साठीच्या आसपासची उंच बाई, विटकं निळं लुगडं, हातात पळसाच्या पानानं झाकलेला तांब्या.

"सलाम, बाई," ती म्हणाली. "म्या इरम्मा. आपल्या देवळाच्या दारात असते."

आमच्या ख्रिस्ती मंडळींत प्रार्थनेच्या जागेला तेव्हा देऊळच म्हणत, आणि एकमेकांना भेटल्यावर सलाम. मी 'आत या' म्हटलं, तेव्हा कुठं ती पायरी चढली. तांब्यात ताक होतं. ते माझ्या हातात देऊन ती उंबऱ्याला लागून बसली, समोरची पेटी दिसली तशी काही न विचारता तिची गाठ दातानं सैल करून सोडून दिली, आणि मग माझी चौकशी सुरू केली. नाव काय, माहेर कुठलं. वनमाला, पुणं, कॉलेजात दोन वर्षं झाली आणि लग्न झालं, असं मी सांगत गेले. शिक्षणाचं तिला विशेष काही वाटलेलं दिसलं नाही. तिनं विचारलं, "घरी कोन ऱ्हायलं?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हटलं, सोलापूरला सासूबाई आहेत, एकट्याच. आणि म्हणता म्हणता आणखीही सांगून बसले, की निघताना त्यांना ताप होता, आणि त्या अवस्थेत त्यांना सोडून आल्याचं मला खात होतं. हे मी यांनासुद्धा बोलले नव्हते. इरम्मानं मान हलवली. आम्ही आल्याचं तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नव्या माणसाला दोन दिवस सामान लावू द्यावं म्हणून ती तिसऱ्या दिवशी आली होती. आयतवारी दारात उभं राहायचं तर येणारं माणूस कोण आहे ते आधी ठाऊक पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. ताकाचा तांब्या रिकामा करून घेऊन ती गेली.

त्या आयतवारी मी तिला तिच्या जागी बघितलं. देऊळ म्हणजे दगडाच्या चार भिंती आणि वर पत्रे. बाहेर लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला, तो वाजला की उपासनेची वेळ झाली. आत तरटं अंथरलेली, उजवीकडं पुरुष, डावीकडं बायका. माणसं यायची आसपासच्या वाड्यावस्त्यांवरनं, दोन-दोन कोस चालून, गुडघ्यापर्यंत धुळीनं माखून. इरम्मा उंबऱ्याच्या बाहेर उभी. बाजूला पाण्याची घागर. आलेल्याच्या हातात आधी तांब्या द्यायची. पाय धुऊन होईपर्यंत त्याची काठी, गाठोडं, काखेतलं पोर सगळं हिच्याकडं. मग तोच प्रश्न, घरी कोन ऱ्हायलं.

मोठ्या मंडळ्यांमध्ये दारात उभं राहून हसून हात मिळवणारे लोक मी पाहिले होते. ते आलेल्याचं स्वागत करायचे. ही न आलेल्याची चौकशी करायची. बैलापाशी थांबलेला भाऊ, बाळंतीण सून, रुसून बसलेला म्हातारा, सगळे तिला त्या उंबऱ्यावर कळायचे. उपासना सुरू व्हायच्या आधी ती यांना खुणेनं दाराशी बोलावून हे सगळं सांगायची, आणि हे प्रार्थनेत त्या सुनेचं, त्या म्हाताऱ्याचं नाव घ्यायचे. नाव ऐकून घरी गेलेली माणसं ते सांगायची, आणि पुढच्या आयतवारी म्हातारा मुकाट्यानं येऊन बसायचा.

मी पायरी चढले तेव्हा मलाही तांब्या मिळाला. "सासूबाईचं पत्र आलं का?" तिनं विचारलं. आलं होतं. ताप उतरला होता.

ती दारात कशी आली ते तिनं मला पुढं हळूहळू सांगितलं, एकदम नाही. शेंगा फोडता फोडता, कधी माझ्या लेकीला पायावर घेऊन न्हाऊ घालताना. नवरा गेला तेव्हा ती पंचविशीची होती. कुणाच्या तरी तोंडून ऐकलं की या देवळात गातात आणि ऐकणाऱ्याला हाकलत नाहीत. म्हणून आली, आणि लिंबाखाली उभी राहिली. तीन आयतवार उभी राहिली. कुणी जा म्हटलं नाही, कुणी ये पण म्हटलं नाही. चौथ्या आयतवारी त्या वेळच्या पाळकांची बायको रडणारं पोर घेऊन बाहेर आली आणि हिला बघून म्हणाली, बाहेर का उभ्या, आत या की.

"बगा बाई," इरम्मा मला म्हणाली होती, "आमच्या मानसाला दारात थांबायची सवं. चावडीत थांबा, दुकानात थांबा, वाड्यात तर लांबच थांबा. कुनी या म्हनल्याबिगर पाय उचलतच न्हाय. आता देवाचं दार उघडं हाय, हे त्येला कोन सांगनार? म्हनून म्या उबी ऱ्हाते."

त्याला तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. मधल्या काळात पाळक पाच बदलले.

आम्ही येऊन वर्ष होत आलं तेव्हा मिशनच्या मोठ्या कचेरीतनं पत्र आलं. प्रत्येक मंडळीनं आयतवारच्या उपस्थितीची नोंदवही ठेवावी. नाव, बापाचं नाव, गाव आणि घरातली माणसं, असे रकाने आखून दिले होते. मागणी काही वावगी नव्हती. यांनी मिशनशाळेच्या महांतप्पा मास्तरांना बोलावलं. मास्तर कामाचा माणूस. अक्षर मोत्यासारखं, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि उन्हाळ्यातसुद्धा डोक्याला पटका. त्यांनी सांगितलं, काम आपण करू; फक्त दारात एक टेबल लागेल, नाहीतर माणूस नाव न सांगताच आत जातो.

टेबल मांडायचं तर इरम्मा उभी राहायची ती जागा जाणार होती. ते तिला समजावून सांगायला हे स्वतः गेले. म्हणाले, इतकी वर्षं तुम्ही उभ्या राहिलात, आता पाय दुखतात, आत सगळ्यांच्या पुढं बसा, तुमचा मान आहे. इरम्मा व्हय म्हणाली. यांना वाटलं, तिला बरं वाटलं. मी तिचं तोंड बघितलं होतं, पण यांच्या चांगुलपणापुढं मला त्या वेळी बोलता आलं नाही. माझी चूक तीच.

पुढच्या आयतवारी इरम्मा बायकांच्या पहिल्या रांगेत बसली. सबंध उपासनाभर तिची मान दाराकडं वळत होती. गाणं चालू असताना कुणी आलं की तिचे हात आपोआप उठायचे आणि मांडीवर परत यायचे. दारात मास्तर दौत-टाक घेऊन बसलेले. घागर होती, पण भिंतीला सारलेली, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं. नाव, बापाचं नाव, गाव, घरात माणसं किती, एकेकाला विचारून मास्तर लिहीत होते. चौसष्ट नावं झाली.

दुसऱ्या आयतवारी एक्केचाळीस. तिसऱ्या आयतवारी सतरा.

सुगीचे दिवस नव्हते, बाजार नव्हता, साथ नव्हती. हे अस्वस्थ झाले. संध्याकाळी वही घेऊन बसले आणि थोड्या वेळानं मला हाक मारली. म्हणाले, हे काय आहे ते तू तरी बघ. बघते तर ओढ्यापलीकडच्या वाडीवरनं आलेल्या पुरुषांत तिघांचं नाव बब्रुवान. तिघांचे बाप वेगळे. आणि वाडीतल्या झाडून सगळ्यांच्या नावापुढं घरातल्या माणसांच्या रकान्यात एक. वाडीतल्या बंडप्पाला सहा लेकरं, हे मला स्वतःला माहीत होतं, कारण धाकट्याच्या बाप्तिस्म्याला मीच टोपडं शिवलं होतं. त्याच्याही पुढं एक.

मास्तरांना विचारलं तर ते दुखावले. जे सांगितलं तेच लिहिलं, म्हणाले, आणि तेही खरंच होतं.

सोमवारी सकाळी मी इरम्माला म्हटलं, चला, वाडीला जाऊन येऊ. ती जणू चप्पल पायात घालूनच बसली होती. वाटेत मी विचारलं, काय झालं असेल. ती म्हणाली, तिला वाटतंय काहीतरी, पण दुसऱ्याच्या मनातलं आपण बोलू नये, त्यालाच बोलू द्यावं.

बंडप्पा दारात दोर वळत होता. आम्हाला बघून उठला, घोंगडी टाकली, बायकोनं पाणी आणलं. बराच वेळ पावसापाण्याचं झालं. कुणीच विषय काढीना. शेवटी इरम्मानंच काढला, तोही बंडप्पाकडं न बघता, त्याच्या धाकट्याला मांडीवर घेऊन.

"काय रं, सा लेकराचा बाप तू. वहीत एकला म्हनून लिवून घेतलास. बायकोला इचारलावता का?"

"मला तर जितेपनीच मारलं की त्येनं," बायको आतनं म्हणाली.

बंडप्पा हसला नाही. त्यानं दोर खाली ठेवला. मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मला माझ्या दोन वर्षांच्या कॉलेजाची लाज वाटली. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. सरकारची लेव्ही, म्हणजे धान्याची सक्तीची वसुली, चालू होती. महसुलाचा गिरदावर यायचा, चावडीत टेबल टाकायचा, आणि एकेकाला उभं करून हेच विचारायचा. नाव, बापाचं नाव, गाव, घरात माणसं किती. खाणारी तोंडं लिहून घेऊन, त्यांना किती पुरेल ते तो ठरवायचा, आणि उरलेली ज्वारी उचलून न्यायचा. ज्यांच्याकडं ज्वारीच नाही, त्यांची नावं वेठीला. साहेबाचं सामान वाहायला घरटी एक गडी. ज्या घरात गडी जास्त दिसले, पहिला नंबर त्याचा.

"तोंडं जास्त सांगावं का कमी सांगावं हेच कळंना," बंडप्पा म्हणाला. "ज्वारीसाटी जास्त बरं, येठीसाटी कमी बरं. मग म्या म्हनलं, एकला सांगावं आन् गप बसावं. कुनी तर नावबी खोटं, बब्रुवान म्हनून सांगितलं. पन बाई, देवाच्या दारात चावडी कवापासनं भराय लागली?"

मी सांगितलं, की ही वही सरकारची नव्हे, मिशनची आहे. त्यानं ऐकून घेतलं. विश्वास बसलेला दिसला नाही. त्याची नजर इरम्माकडं गेली.

"आत्या, तुमी सांगा. तुमाला तितनं का उटवलं?"

सगळी वाडी याच एका गोष्टीवर अडली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. वही आली त्याच दिवशी ओळखीची बाई दारातनं गेली. म्हणजे काहीतरी तिला पटण्यासारखं नसणार, असा त्यांनी हिशेब केला होता.

इरम्माला हवं ते बोलायची ती वेळ होती. मास्तरांवर ढकलता आलं असतं, आमच्यावरही. तिनं पोराच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि म्हणाली, "माझे पाय दुकत हुते रं. पाळकसायबानं बसा म्हनलं. तू ये आयतवारी."

परत येताना ती माझ्यापुढं चालत होती आणि तिचे पाय मुळीच दुखत नव्हते.

घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं. यांचा एक गुण मी इथं नोंदवून ठेवते. स्वतःची चूक दिसली की हे आधी कपाळाला हात लावतात आणि मग हसतात. त्या दिवशीही हसले. म्हणाले, मी देवळाच्या दारात गिरदावर बसवला म्हणायचा. पण कचेरीला नावं तर पाठवायला हवीत. मास्तरांना बोलावलं. मास्तर म्हणाले, न विचारता नावं लिहायची असतील तर आपल्याला जमणार नाही, आपण काही ज्योतिषी नव्हे. इरम्मा उंबऱ्यापाशी बसली होती. ती म्हणाली, "लोकं घरी गेल्यावर लिवा की. नावं माज्यापाशी हायत."

मास्तरांना ते खरं वाटलं नाही. साठ-सत्तर माणसं, त्यांचे बाप, गावं, घरची माणसं, अक्षरओळख नसलेल्या बाईच्या डोक्यात कशी राहणार? परीक्षा घ्यायचं ठरलं. त्या आयतवारी टेबल आत गेलं आणि इरम्मा बाहेर आली. रुळाचा टोल पडला. पहिल्यांदा दिसला बंडप्पा, मागं बायको, सहा लेकरं, आणि त्यांच्या मागं पांगत पांगत सगळी वाडी. इरम्मानं तांब्या भरून पुढं केला आणि विचारलं, घरी कोन ऱ्हायलं. "कुत्रं," बंडप्पा म्हणाला.

मास्तरांनी आत बसून गुपचूप माणसं मोजली. अठ्ठावन्न.

सोमवारी सकाळी इरम्मा माझ्या स्वयंपाकघरात आली. मी भाकरी थापून झाल्यावर वही घेतली. ती डोळे मिटून सांगू लागली, वाटेनं चालत आल्यासारखी. आधी ओढ्यापलीकडचे, मग मळ्यातले, मग गावातले. कुणाचा बाप कोण, घरी किती, आणि कुणी का आलं नाही. त्या शेवटच्या गोष्टीला वहीत रकाना नव्हता, म्हणून मी समासात लिहीत गेले. नावं झाली एकोणसाठ. मास्तर ओसरीवर ऐकत बसले होते. ते आत डोकावून म्हणाले, एक जास्त आहे, आपण स्वतः माणसं दोनदा मोजली आहेत.

"रुद्रम्माचं तानं धरलं न्हाय तुमी," इरम्मा म्हणाली. "पदराखाली हुतं. तेबी आलं हुतं का न्हाय?"

मास्तरांनी पटका सारखा केला. पण माणूस दिलदार. पुढच्या आयतवारी आलो तर त्यांनी आपलं टेबल स्वतः उचलून दाराबाहेर नेलं होतं आणि त्याच्यावर घागर ठेवली होती, इरम्माला वाकावं लागू नये म्हणून.

त्यानंतर माझ्या सोमवारच्या सकाळी अशाच जाऊ लागल्या. चुलीवर वरण, शेजारी वही, आणि इरम्माचा आवाज. समास भरत गेला. मळ्यातल्या म्हाताऱ्याचा गुडघा. रुद्रम्मा जावेशी भांडली, दोघी वेगवेगळ्या तरटावर बसल्या. रुद्रम्मा आणि जाऊ एका तरटावर. मला या मुलखाची ओळख त्या समासातून झाली. हे मंगळवारी तो वाचायचे आणि त्याप्रमाणं कुणाकडं जायचं ते ठरवायचे. त्यांचं प्रवचनही मला वाटतं तेव्हापासून सुधारलं.

लढाई संपली त्या साली नाताळाच्या आधी कचेरीनं सगळ्या मंडळ्यांच्या वह्या मागवल्या. शेवटच्या सोमवारी आम्ही दोघींनी मिळून नावं पुरी केली. एकाहत्तर. इतकी वर्षभरात कधीच नव्हती. मी वही कापडात गुंडाळायला घेतली, तेव्हा इरम्मा म्हणाली, जाण्याआधी एकदा सगळी नावं वाचून दाखवा.

मी वाचली. ती गुडघ्याला हाताची मिठी घालून ऐकत होती. प्रत्येक नावाला मान हलत होती, आणि बंडप्पाचं धाकटं आलं तेव्हा हसली. पाळकसाहेब, मी, आमची लेक, महांतप्पा मास्तर. शेवटचं नाव रुद्रम्माच्या तान्ह्याचं, ते आता रांगायला लागलं होतं. मी वही मिटली.

इरम्मा उठली, लुगड्याचा काठ झटकला, तांब्या घेतला. पायरी उतरून गेलीसुद्धा. मी कापडाला गाठ मारत होते, एवढ्यात दारावर थाप पडली. एकच. उघडं दार होतं, तरी ती थाप मारून पायरीखाली उभी होती.

मी म्हटलं, "या की आत. काय राहिलं?"

"बाई," ती म्हणाली, "त्यात माजंबी नाव लिवा. म्याबी आले हुते."